कितीवर आलं?

पावसाळ्यात बडोद्याच्या माणसाला कोणी ‘कसे आहात’ विचारत नाही, पातळी विचारतात. आजवा किती? काळाघोड्याच्या पुलाखाली विश्वामित्री किती? नदीची धोक्याची खूण 26 फुटांवर आहे, हे इथल्या पोरांना बाराच्या पाढ्याआधी पाठ होतं. त्यातून आजवा सरोवर आमच्या वाघोडिया तालुक्यातलं. सयाजीराव महाराजांनी शहराला पाणी मिळावं म्हणून ते बांधवलं. त्याला आज 62 दरवाजे आहेत आणि ते कधी उघडतील या धास्तीनं दर श्रावणात सगळं बडोदं आमच्या तालुक्याकडे संशयानं बघतं. 2024 च्या ऑगस्टात विश्वामित्री 35 फुटांच्याही वर गेली. तेव्हापासून तर अर्ध्या तासात आकडा कळला नाही, की माणसांना करमत नाही.

मला कळा आणण्यासाठी वाघोडियातल्या एका छोट्या दवाखान्यात दाखल केलं, तेव्हा नातेवाइकांचा हा सगळा सराव कामी आला. फुटांच्या जागी सेंटिमीटर आले, एवढंच.

“कितीवर आलं?” दांडिया बाजारातून मावशी.

“दोन.”

“सकाळीही दोनच होतं ना?”

“हो.”

पलीकडे मोठा उसासा. नदी चढली की उसासा, मी चढत नाही म्हणूनही उसासा. दहा सेंटिमीटर झाले की काम फत्ते, हे कळल्यावर मावशीनं वजाबाकी केली आणि ‘अजून आठ कमी’ असा निरोप सगळ्या भावकीला धाडला.

आपल्याला बाळंतपण माहीत असतं ते सिनेमातलं. बाई मध्यरात्री पोट धरून किंचाळते, वीज कडाडते, नवऱ्याला गाडीची किल्ली सापडत नाही, आणि तिसऱ्या मिनिटाला आतून टँहा ऐकू येतं. माझ्या बाबतीत असलं काही झालं नाही. आम्ही दूधवाल्याला सांगितलं, गॅसचा नॉब बंद केला, कुंड्यांना पाणी घातलं, आणि ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधीच दवाखान्यात पोहोचलो. अर्ज भरून घेणाऱ्या मुलीनं विचारलं, “दुखावो उपड्यो?”

“ना.”

“पाणी पड्युं?”

“ना.”

“तो शुं थाय छे?”

काहीच होत नाही, म्हणूनच आले आहे, हे तिला पटवायला वेळ लागला. काही होत नसल्याची तक्रार घेऊन दवाखान्यात जावं लागतं, असा प्रसंग आयुष्यात फार थोड्या वेळा येतो.

तारीख उलटून गेली होती. ही तारीख काढायची रीत एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्झ नेगेले या जर्मन डॉक्टरच्या नावानं चालते: शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस. नेगेलेसाहेबांचा हिशेब चांगलाच आहे, पण पोटातल्या मंडळींनी तो वाचलेला नसतो. शंभरातली चार-पाच बाळंच त्या दिवशी येतात. बाकीची आधी येतात, नाहीतर नंतर. आपल्याकडे मात्र सोनोग्राफीच्या कागदावर तारीख छापली गेली, की ती लग्नपत्रिकेतल्या मुहूर्ताइतकी पक्की धरली जाते. तारखेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पहिला फोन येतो आणि त्यात थोडी नाराजी असते. 41 आठवडे पूर्ण झाल्यावर मात्र फार थांबू नये, कळा आणाव्यात, असं जागतिक आरोग्य संघटनेचंही म्हणणं आहे. आमच्या डॉक्टरबेन त्यावर ठाम होत्या. म्हणाल्या, “बाळ छान आहे, तुम्ही छान आहात. फक्त वेळ लागेल.” पहिली दोन वाक्यं कोणाच्याच कानात शिरली नाहीत.

मग त्यांनी तपासलं आणि बिशप स्कोअर सांगितला. हा बिशप चर्चमधला नव्हे. डॉ. एडवर्ड बिशप यांनी 1964 साली ही गुणपद्धत मांडली, तीही ज्या फिलाडेल्फियात आपल्या आनंदीबाई जोशी 1886 साली डॉक्टर झाल्या, त्याच शहरातून. गर्भाशयाचं मुख किती उघडलं, किती पातळ झालं, किती मऊ झालं, पुढे आलं की मागेच आहे, आणि बाळाचं डोकं किती खाली सरकलं, अशा पाच गोष्टींना गुण. एकूण 13. सहा किंवा त्याच्या आत असलात, तर आधी ते मुख मऊ करण्यातच बराच वेळ जाणार.

मला तीन मिळाले.

“तेरापैकी तीन?” आईचा चेहरा पडला. मग ती डॉक्टरबेनना म्हणाली, “दहावीला मात्र चांगले होते हो हिला.”

मुख मऊ करायला जेल ठेवतात. हे औषध फ्रिजमध्ये दोन ते आठ अंश तापमानात जपावं लागतं, म्हणजे वाघोडियाच्या उकाड्यात आमच्यापेक्षा त्याचीच बडदास्त बरी. ते ठेवल्यावर थोडा वेळ आडवं पडून राहायचं, पोटाला पट्टा लावून बाळाचे ठोके बघायचे, आणि मग उठून हिंडाफिरायला मोकळं. सहा तासांनी पुन्हा तपासायचं, गरज असली तर पुन्हा जेल. ‘सहा तास’ ऐकल्यावर खोलीतल्या प्रत्येकानं आपापल्या घड्याळाकडे पाहिलं. आम्हाला वाटलं होतं, जेल ठेवलं की सहाव्या तासाला बाळ. डॉक्टरबेन म्हणत होत्या, सहाव्या तासाला पुन्हा बोलू.

माझा नवरा वाघोडियाच्या जीआयडीसीत प्रॉडक्शन सांभाळतो. त्यानं तिथल्या तिथे मोबाईलवर एक्सेल उघडलं. कळ सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, मधलं अंतर, शेरा. पहिल्या ओळीत त्यानं माझी एक उचकी नोंदवली. दुपारपर्यंत त्याच्याकडे एक आलेख तयार झाला, आणि तो आलेख काय सांगतो हे तो कॉरिडॉरमध्ये अनोळखी माणसांना समजावून देत होता. संध्याकाळी त्यानं डॉक्टरबेनना विचारलं, “मॅडम, सध्याच्या रेटनं गेलं तर परवा सकाळी साडेअकराला येतंय. हे मान्य आहे का?” डॉक्टरबेन म्हणाल्या, “भाई, आधी तुम्ही काहीतरी जमी लो.”

त्याची चूक नव्हती. बाळंतपणाला आलेखावर बसवण्याचा मोह मोठमोठ्यांना झाला आहे. 1950 च्या दशकात अमेरिकेत फ्रीडमन यांनी बाळंतपणाचा वक्र काढला. 1972 साली त्या वेळच्या ऱ्होडेशियात फिलपॉट आणि कॅसल यांनी आलेखावर दोन रेघा मारल्या, एक सावध होण्याची आणि एक हालचाल करण्याची, आणि तासाला एक सेंटिमीटर हा हिशेब जगभरच्या प्रसूतिगृहांच्या भिंतींवर जाऊन बसला. 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेनं सांगून टाकलं, की तासाला एक सेंटिमीटर हा वेग पुष्कळ बायांच्या बाबतीत खरा नसतो, केवळ तेवढ्यावरून घाई करू नका, आणि कळांचा खरा जोराचा टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरा. म्हणजे दोनवर असलेल्या बाईला ‘का चढत नाहीस’ विचारण्यात अर्थच नाही, कारण तिची चढण अजून सुरूच झालेली नाही. हे मी मावशीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “ते ठीक आहे गं, पण कितीवर आलं?”

हळू चालणं हा माझा एकटीचा दोष नाही, याचा पुरावा आपल्या नागपुरातही आहे. तिथल्या दोन सरकारी रुग्णालयांत रक्तदाब वाढलेल्या 602 गर्भवतींवर झालेला एक अभ्यास 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. निम्म्या बायांना दर दोन तासांनी मिसोप्रोस्टॉलची अगदी छोटी गोळी, निम्म्यांना फॉलीची नळी आणि तिच्या टोकाला पाण्यानं फुगवलेला फुगा. चोवीस तासांत नैसर्गिक बाळंतपण झालं ते गोळीवाल्यांत 57 टक्क्यांचं आणि फुगेवाल्यांत 47 टक्क्यांचं. म्हणजे जेमतेम निम्म्या. बाकीच्यांच्या नातेवाइकांनी त्या चोवीस तासांत नागपूरच्या त्या आवारात किती चहा प्यायला असेल, याची नोंद त्या अभ्यासात नाही.

मोठ्या नणंदेचं मत वेगळं होतं. “जेल लावलं की सीझर ठरलेलंच,” असं तिनं सुरतेहून व्हिडिओ कॉलवर, माझ्या तोंडावर सांगितलं. हे तिला कोणी सांगितलं ते कळलं नाही. 2018 साली अमेरिकेतल्या 6,106 पहिलटकरणींचा मोठा अभ्यास छापून आला. एकोणचाळीस आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणवलेल्यांत सीझरचं प्रमाण 18.6 टक्के निघालं, नुसतं थांबून राहिलेल्यांत 22.2. त्या सगळ्या धडधाकट बाया होत्या, आणि आपली परिस्थिती वेगळी असू शकते हे खरं. पण नणंदेनं उदाहरण दिलं होतं ते तिच्या जावेच्या मामेबहिणीचं, आणि तिची परिस्थिती तर कुणालाच धड ठाऊक नव्हती.

यानंतर सुरू झाले घरगुती उपाय. देशातलं सगळ्यात जास्त एरंडेल गुजरातेत निघतं, आणि त्यातलं थोडं माझ्यासाठी राखून ठेवलेलं होतं. शेजारच्या बा एका वाटीवर ताटली झाकून घेऊन आल्या. “दिवेल पी जा, दीकरी. बे कलाकमां थई जशे.” दोन तासांत जे झालं असतं ते मी कल्पनेनंच जाणलं. एरंडेलानं आधी पोट हलतं, आणि पोट हललं म्हणून मुख उघडेलच असं नाही. त्यापायी अंगातलं पाणी गेलं तर ते वेगळंच. सिस्टरनं वाटी गोड बोलून काढून घेतली. बा जरा नाराज झाल्या, मग शेजारच्या खाटेकडे वळल्या.

आईनं गरम दुधात तूप घालून आणलं होतं, बाळ सुळकन यावं म्हणून. तूप जातं त्या वाटेवर बाळ नसतं आणि बाळ असतं त्या वाटेवर तूप पोहोचत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी प्यायले. तूप गावाकडच्या गाईचं होतं आणि मला भूक लागली होती.

सगळ्यात लोकप्रिय उपाय म्हणजे लादी. “नवव्या महिन्यात उकिडवं बसून लादी पुसली असतीस तर ही वेळ आली नसती,” हे मला निरनिराळ्या वयांच्या, निरनिराळ्या भाषांच्या बायकांनी सांगितलं. त्यातल्या एकीनं तर दवाखान्याच्या लादीकडे सूचक नजर टाकली. हा सल्ला नवा नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात आठव्या अध्यायात नेमका हाच वाद आहे. कळा नीट येत नसतील तर बाईनं उठून मुसळ हातात घ्यावं, उखळात धान्य कांडावं, मधून मधून जांभया द्याव्यात, फेऱ्या माराव्यात, असं काही जण सांगतात, असं तिथे म्हटलं आहे. आणि लगेच पुढे आत्रेयांचा नकार आहे: अशा नाजूक वेळी मुसळाचे कष्ट नकोत, त्यानं जिवाला धोका होईल. जांभया आणि फेऱ्या चालतील. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही कोणाची तरी आत्या हातात मुसळ घेऊन उभी होती, आणि कोणा तरी वैद्यानं तिला शांतपणे बाहेर बसवलं होतं. आनंदीबाईंनी आपल्या प्रबंधासाठी आर्य हिंदूंचं प्रसूतिशास्त्र हाच विषय निवडला होता. फिलाडेल्फियातल्या परीक्षकांना हे मुसळ त्यांनी कसं समजावलं असेल, हे मला नेहमी वाचावंसं वाटतं.

आत्रेयांचा शब्द मानून मी फेऱ्या मारल्या आणि जांभया दिल्या. जांभया आपोआप येत होत्या.

इकडे सासूबाईंच्या माहेरच्या माणसांनी पंचांग काढलं. रात्री अमुकला नक्षत्र बदलणार, त्याच्या आत झालं तर बरं, असा साताऱ्याहून फोन. तासाभरानं दुसरा फोन: आधीचं घाईत बघितलं होतं, त्यानंतर झालं तर बरं. एका बाजूला लवकर व्हावं म्हणून नवस, दुसऱ्या बाजूला थोडं थांबावं म्हणून साकडं, आणि मधोमध दोन सेंटिमीटर. परस्परविरोधी अर्जांवर कसलाच निर्णय न घेण्याचं जे धोरण बाळानं ठेवलं होतं, ते मला एकंदरीत शहाणपणाचं वाटलं.

सल्ल्यांना तोटा नव्हता, कारण हा तालुकाच तसा आहे. लिमड्याला पारुल विद्यापीठ, पिपरियाला सुमनदीप विद्यापीठ आणि त्याचं धीरज रुग्णालय. इथं शेअर रिक्षात बसलं की एका मांडीला फिजिओथेरपी टेकते आणि दुसरीला नर्सिंग. त्यामुळे भेटायला येणाऱ्यांत कोणाचा भाडेकरू, कोणाचा भाचा, कोणाची पेइंग गेस्ट असं एक अर्धवट वैद्यकशास्त्र बरोबर यायचं. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलानं मला ऑक्सिटोसिन कुठे तयार होतं ते विचारलं. मला उत्तर आलं. तो म्हणाला, “बराबर,” आणि पपईचा तुकडा तोंडात टाकून निघून गेला.

तेच ऑक्सिटोसिन रात्री सलाईनमधून सुरू झालं. याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. 1906 साली लंडनमध्ये हेन्री डेल यांना दिसलं, की बैलाच्या मेंदूतल्या एका ग्रंथीचा अर्क दिला तर मांजरीचं गर्भाशय आवळतं. 1953 साली विन्सेंट द्यू विन्यो यांनी तो नऊ अमिनो आम्लांचा रेणू प्रयोगशाळेत बनवला आणि 1955 चं नोबेल घेतलं. इतक्या थोरामोठ्यांच्या कष्टाचा तो पदार्थ माझ्या हातात थेंबाथेंबानं उतरत होता, आणि नवरा सिस्टरला विचारत होता, “थोडं फास्ट नाही का करता येणार?” त्यानं स्वतःच चाकाकडे हातही नेला. सिस्टर केरळची, गुजराती झकास बोलणारी. तिनं त्याच्या हाताकडे नुसतं पाहिलं. थेंब हळूहळू वाढवतात त्याला कारण आहे. दहा मिनिटांत पाचाहून जास्त कळा येऊ लागल्या तर बाळाला मधे श्वासाची उसंत मिळत नाही. दोन कळांच्या मधला रिकामा वेळ हा वाया गेलेला वेळ नसून बाळाच्या जेवणाची सुट्टी आहे, हे प्रॉडक्शनच्या माणसाला एकदा कळलं, की तो एक्सेलमधून ‘डाऊनटाइम’ हा रकाना काढून टाकतो. त्यानं काढला.

आता शांत राहण्याबद्दल. ‘शांत राहा’ हे वाक्य मी त्या मुक्कामात ज्यांच्याकडून ऐकलं, त्यांतलं कोणीही शांत नव्हतं. मावशी ते ओरडून सांगत होती. आई ते सांगताना माझाच हात इतका घट्ट दाबत होती, की सलाईन अडलं. मुळात हळू चालणाऱ्या कळांत बाईला फार अवघड काही करायचं नसतं. झोप आली तर झोपायचं, कारण पुढे जागायचंच आहे. डॉक्टरांनी ना म्हटलं नसेल तर पेज, ताक, खिचडी असं हलकं खायचं, घोट घोट पाणी प्यायचं. कळ आली की श्वास लांब सोडायचा, गेली की ती गेली असं मानायचं आणि पुढचीची वाट बघत बसायचं नाही. आणि जोर येईपर्यंत जोर करायचा नाही, हेही चरकानं सांगून ठेवलं आहे: कळ नसताना केलेले कष्ट फुकट जातात. रक्त जायला लागलं, पाणी हिरवट दिसलं, बाळाची हालचाल मंदावली किंवा पोट दगडासारखं होऊन सुटेचना, तर शांतपणा बाजूला ठेवून सिस्टरला हाक मारायची, एकदा नाही, ती येईपर्यंत. एवढं कळलं की बाईचं काम संपलं. खरं अवघड काम खाटेभोवती उभ्या असलेल्यांचं असतं आणि ते त्यांना कोणी सांगतच नाही.

चरकानं सांगितलं होतं. बाळंतघरात कोणत्या बायका असाव्यात, याची त्यानं यादीच दिली आहे: स्वतः पुष्कळदा बाळंत झालेल्या, मायाळू, प्रसंगावधान असलेल्या, उदासपणा नसलेल्या, कष्ट सोसणाऱ्या. ती वाचताना माझ्या लक्षात आलं, की मन स्थिर ठेवण्याची अट त्यानं सोबतिणींना घातली आहे. आपण ती उचलून कळा देणारीच्या डोक्यावर ठेवली आणि मोकळे झालो.

2016 साली केंद्र सरकारनं सरकारी दवाखान्यांत बाळंतपणाच्या वेळी सोबतीण ठेवायला मुभा दिली, त्यातही अटी सोबतिणीलाच आहेत. कपडे स्वच्छ हवेत, तिला संसर्गाचा आजार नको, शेवटपर्यंत थांबायला हवं, कर्मचाऱ्यांच्या कामात लुडबुड नको, आणि खोलीतल्या दुसऱ्या बायांकडे लक्ष द्यायला जायचं नाही. ही शेवटची अट लिहिणारा अधिकारी आमच्या बांना कधीतरी भेटलेला असणार. आणि हे लाड नव्हेत. 26 अभ्यास आणि 15,000 हून जास्त बाया धरून 2017 साली काढलेला निष्कर्ष आहे, की सतत सोबत असली की बाळंतपण थोडं लवकर आटोपतं आणि नैसर्गिक होण्याची शक्यता वाढते. औषध नाही, सुई नाही, फक्त जवळ बसलेलं धड माणूस. पण धड माणूस ओळखायचं कसं?

रात्रभर दुसरं काम नव्हतं, म्हणून मी बिशपसाहेबांच्या धर्तीवर नातेवाइकांची गुणपत्रिका तयार केली. गोष्टी पाचच, गुण तेराच. ‘कितीवर आलं’ किती वेळा विचारतात, याला तीन. अजिबात न विचारणाऱ्याला पूर्ण. दुसऱ्यांच्या बाळंतपणाच्या गोष्टी सांगतात का, याला तीन. ज्यांच्या गोष्टीत शेवटी कोणीतरी मरतं, त्यांना शून्य. फोन हातातून किती वेळ खाली राहतो, याला तीन. कंबर नेमकी कुठे चोळायची हे न विचारता कळतं का, याला दोन. आणि ‘जरा बाहेर जा’ म्हटल्यावर चेहरा न पाडता बाहेर जातात का, याला दोन.

निकाल असा. नणंद: एक, तोही रेंज गेल्यामुळे फोन बंद पडला म्हणून. मावशी दुरून परीक्षेला बसल्यामुळे बाद. आई: पाच. कंबर तिला बरोबर सापडली, पण प्रत्येक चोळण्याबरोबर एक गोष्ट होती. नवरा दुपारी चारवर होता, मध्यरात्री सहावर आला आणि पहाटे आठ झाला. माणूसही पिकतो, त्याला वेळ द्यावा लागतो.

सासूबाईंना बारा.

त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर मांडीवर कापूस घेऊन बसल्या होत्या आणि फुलवाती वळत होत्या. दिवसभर वळल्या, संध्याकाळभर वळल्या. एकदाही ‘कितीवर’ म्हणाल्या नाहीत. कोणाची गोष्ट सांगितली नाही, साताऱ्याहून आलेले फोन उचलले नाहीत. मी वाकले की उठून कंबरेला हात लावायच्या, कळ गेली की परत बसायच्या. माझ्या कंबरेला सगळीकडे कापूस चिकटला, म्हणून एक गुण कापला. पहाटे मला भरून आलं. मी म्हटलं, “आई, तुम्ही किती शांत आहात हो.” त्या हसून म्हणाल्या, “काय म्हणतेस?” मी पुन्हा म्हटलं. त्यांनी कानाकडे बोट दाखवलं. कानातलं मशीन घरी चार्जिंगला राहिलं होतं.

पुढचं सगळं पटापट झालं, म्हणून त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. पाचनंतर गाडी अशी सुटली, की आलेख भरायला नवऱ्याला वेळ मिळाला नाही आणि ती जागा आजही कोरी आहे. नॉर्मल झालं. मुलगी. बांनी जिलेबी आणली, आईनं पेढे वाटले, आणि बाळ नक्की कुठल्या नक्षत्रावर झालं यावर साताऱ्यात अजून एकमत नाही.

घरी सोडताना मी डॉक्टरबेनना माझी गुणपत्रिका दाखवली. म्हटलं, कळा आणायला येणारीबरोबर जो कोणी येईल, त्याचा स्कोअर आधी काढत जा, आणि तो सहाच्या वर असेल तरच आत सोडा. त्यांनी ती नीट वाचली. म्हणाल्या, “आणि सहाच्या आत असला तर?”

म्हटलं, “जेल लावा आणि सहा तासांनी पुन्हा बघा.”